हौसाबाईचा धोंडा

आमच्या कातळदऱ्यात मातीपेक्षा दगड जास्त. भाताचं खाचर करायचं तर आधी दगड उचलायचे, मग त्याच दगडांचा बांध घालायचा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. अशा गावात नवऱ्याचं नाव दगडू असणं ही हौसाबाईची चेष्टाच होती. तिला दिवसभर दगडांत वावरायचं असे आणि तो शब्द मात्र तोंडातून काढायचा नसे. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तेव्हा सगळ्याच बायका मानत. मी कॉलेजात असताना एकदा आईला म्हणाले, "अगं, नावानं कुणी मरतं का?" आई म्हणाली, "नाही मरत. पण ज्याचा माणूस लांब आहे तिनं ही जोखीम का घ्यावी?"   असो.

हौसा दगडाला धोंडा म्हणे. चुलीचे धोंडे, बांधाचा धोंडा, पायात टोचला तो बारका धोंडा. तिच्या धाकट्या दिराचं नाव धोंडू होतं, पण धाकट्या दिराचं नाव घ्यायला हरकत नसते. राघू भवारीची आधीची पोरं जगली नव्हती. म्हणून पुढच्या दोघांची नावं यमालाही उचलावीशी वाटू नयेत अशी ठेवली. दगडू आणि धोंडू. दोघंही जगले.

दगडू भवारी पायाचा पक्का. सरकारची डोंगरमोजणीची तुकडी आमच्या कड्यावर आली, तेव्हा वर चौथरा बांधायला आणि निशाण उभारायला त्यांना असाच माणूस हवा होता. काठी खांद्यावर टाकून तो कडा चढला आणि खालचे लोक माना वर करून बघत राहिले. तुकडीचं काम उरकलं. त्यांचा मुकादम म्हणाला, चल आमच्याबरोबर, रोख मिळेल, मोसम संपला की परत ये. दगडू गेला. कड्याच्या वळणावर वळून त्यानं निशाणाची काठी हलवली, हे हौसा माझ्या आईला किती वेळा सांगे! आईला ऐकून ऐकून कंटाळा यायचा. पण सांगायला तेवढंच होतं बिचारीकडे. मूल नव्हतं, सासूसासरे गेलेले, माहेर घाटाखाली कोकणात. भावांची शेतं वाटून झाली होती. दगडूच्या वाट्याला वरच्या पठाराचं शेत आलं होतं, आणि हौसा तिथंच खोपटात राहायची. गाव खाली. संध्याकाळी खालच्या घरांचे धूर तिला दिसत, माणसं दिसत नसत. बोलायला म्हणून बैल होते. पुढे एक बैल गेला. मग उरलेल्याशी बोलायची.

दगडू मोसम संपल्यावर आला नाही. पुढच्याही मोसमाला आला नाही.

मग आली शेतांची मोजणी. ही मोजणी वेगळी. ती डोंगरांची होती, ही बांधांची. गावात तंबू पडला, साखळी ओढणारे आले, प्रत्येक शेताच्या कोपऱ्यावर हद्दीचे दगड पुरायला सुरुवात झाली. मोजणीदार होते सबनीस. पुण्याचे, सर्दीचे, गळ्याला पंचा गुंडाळलेले. माणूस वाईट नव्हता. पण आपल्याला सगळं कळतं असं वाटणारा माणूस वाईटाहून त्रासदायक असतो, असं माझं मत आहे.

सबनीस वरच्या पठारावर पोचले तेव्हा हौसा एकटीच नाचणी खुरपत होती. त्यांचा माणूस शेताच्या कोपऱ्यात खड्डा खणत होता, शेजारी पुरायचा दगड आडवा पडलेला.

"बाई, शेत कुणाचं?"

"आमचंच की."

"आमचं म्हणजे? मालकाचं नाव सांग."

हौसानं इकडं तिकडं पाहिलं. एखादं गुराखी पोर असतं तर तिनं त्याच्या तोंडून नाव वदवलं असतं. बायका तसंच करत. पण पठारावर चिटपाखरू नव्हतं. मग तिनं त्या आडव्या दगडाकडे बोट केलं. "ह्यो बघा."

"काय ह्यो?"

"ह्यो तुमच्या म्होरं पडलाय त्यो. त्येच नाव."

सबनीस हसले. त्यांच्याही घरी बायको होतीच. "म्हणजे धोंडा?"

"धोंडाच, पर..." हौसाला पुढं काय बोलावं सुचेना. खुरपं हातात धरून ती उभी राहिली.

"कळलं, कळलं. धोंडू. सकाळी खाली एक धोंडू राघू भवारी लिहिलाच आहे मी. त्याचंच हेही." आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ते पुढच्या शेताकडे गेलेही.

आता बघा. बाई जर मोकळेपणानं धोंडा म्हणते, तर नवऱ्याचं नाव धोंडू असणारच नाही, एवढं साधं गणित. आमच्या गावातल्या परकरी पोरीलाही ते सुटलं असतं. सबनीसांना रिवाज ठाऊक होता, पण अर्धाच. पूर्ण अडाणी माणूस असता तर त्यानं खाली जाऊन पाटलाला तरी विचारलं असतं.

चूक कळली ती चावडीवर. दवंडी पिटली, मोजणीचा गोरा साहेब आला, आणि एकेक नंबर वाचून नावाचा पुकारा होऊ लागला. ज्याचं नाव, त्यानं हजर म्हणायचं. माझे आजोबा पाटील, ते साहेबाच्या खुर्चीशेजारी उभे. आई तेव्हा नवी नवरी होती. चावडीच्या भिंतीमागून, बाकीच्या बायकांत उभी राहून ती ऐकत होती.

"धोंडू बिन राघू भवारी!"

"हजर," धोंडू म्हणाला. ते त्याचं स्वतःचं शेत.

पुढचा नंबर. पठाराचा. "धोंडू बिन राघू भवारी!"

धोंडूनं एकदा मागं पाहिलं, एकदा पुढं पाहिलं. त्याची बायको गोजरा आईच्या शेजारीच उभी होती. ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "म्हन की."

"हजर," धोंडू म्हणाला.

हौसा बायकांतून पुढे आली. डोक्यावरचा पदर ओढून घेत ती चावडीच्या पायरीशी उभी राहिली. "त्ये भावजींचं न्हाई."

सबनीस चष्म्यावरून बघत म्हणाले, "तूच सांगितलंस ना मला? धोंडा म्हणालीस."

"व्हय, धोंडाच म्हनले."

"मग?"

"मग काय? म्या धोंडा म्हनले, म्हंजी त्ये धोंडू न्हाईत."

पुरुष हसायला लागले. कुणीतरी मागून ओरडलं, "मोजनीदार, हिचा धोंडा येगळा, तुमचा धोंडा येगळा!" साहेब मराठी समजायचा, बोलायचा कमी. त्यानं आजोबांकडे पाहिलं.

आजोबा म्हणाले, "दगडू, साहेब. दगडू राघू भवारी. थोरला भाऊ. वाटणीत पठार त्याच्याकडं आलंय."

"तो कुठे आहे?"

 धोंडू पुढे होऊन म्हणाला, "परदेसी गेलाय, साहेब. लई दिस झालं. हाय का न्हाई, कुनाला ठावं? शेत ओस पडाय नगं म्हनून म्या हजर म्हनलो. माजा भाऊच हाय त्यो, साहेब. घरातल्या घरातच ऱ्हातंय."

धोंडू खोटं बोलत नव्हता. मी त्याला म्हातारपणी पाहिला आहे. दुसऱ्याचं उचलणारा माणूस नव्हता तो, समोर वाढलेलं नको म्हणणाराही नव्हता.

साहेबानं विचार करून सांगितलं: माणूस जिवंत असेल तर त्यानं पुकाऱ्याला उत्तर द्यावं. मेला असेल तर शेत बायकोच्या नावावर चढेल. यातलं काहीच नसेल तर भावाच्या.

आजोबा पायरी उतरून हौसाजवळ आले. हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, ऐक. न्हाई ऱ्हायले म्हन. एवढं म्हन, शेत तुझं. लोकांनी मनात कवाच धरलंय तसं. कपाळाच्या कुकवाचं काय, ते मग बघू."

 आई सांगायची, भिंतीमागं गोजरानं तिचा दंड घट्ट धरला.

हौसा साहेबाकडे तोंड करून म्हणाली, "हायत."

"कुठे?"

"तुमच्याच मोजनीवर."

साहेबानं सबनीसांकडे पाहिलं. सबनीस पुटपुटले की डोंगरमोजणीचं खातं वेगळं, शेतमोजणीचं वेगळं, आपल्याकडे त्यांच्या खलाशांची, म्हणजे काठी-निशाण वाहणाऱ्यांची, नावं नसतात. साहेबाला ते पटलं असावं किंवा नसावं. दुपार टळत आली होती. काही लोक पुढे म्हणत, साहेब दयाळू होता. आई म्हणायची, त्याला भूक लागली होती.

"पुकारा करा," तो म्हणाला.

सबनीसांनी नाव घेतलं. "दगडू बिन राघू भवारी!"

चावडीच्या पिंपळावर कावळे होते, तेवढेच ओरडले. सबनीसांनी पुन्हा पुकारलं. कुणीतरी खाकरलं. सबनीसांनी पंचा सारखा केला, श्वास घेतला आणि शेवटचा पुकारा केला.

"हजर," हौसा म्हणाली.

असा हशा पिकला म्हणता! "अगं, तू दगडू व्हय?" "मिशा कुठं ठेवल्यास दगडूशेट?" सबनीस लाल झाले. म्हणाले, "बाई, हे असं चालत नाही. ज्याचं नाव त्यानंच—"

"तुमी म्हनलात उत्तर द्यावं," हौसा म्हणाली. "घरातल्या मानसानं दिलं. ह्यांचं जेवान म्या रांधत हुते, धोतर म्या धूत हुते. हजर म्हनायला काय त्यास्नीच याया पायजे?"

साहेबानं हात वर केला. पुकाऱ्याला उत्तर आलं, असं त्यानं सांगितलं, आणि ते लिहून घ्या म्हणाला. फक्त एक जोडलं: हा माणूस मेल्याचं कळलं तर वारसाची चौकशी पुन्हा होईल, आणि आज मेला नाही म्हणणारीचं म्हणणं तेव्हा धरलं जाणार नाही, शेत भावाकडे जाईल. आजोबांनी हे हौसाला नीट समजावलं. तिनं मान हलवली. त्या घटकेला तिला ही अट म्हणजे काहीच वाटली नसेल. तिच्या लेखी माणूस येणारच होता.

त्या दिवसापासून गावानं तिला दगडूबाई म्हणायला सुरुवात केली. पोरंटोरं तर नुसतं दगडूच म्हणत. जे नाव तिनं जन्मात उच्चारलं नाही, त्या नावानं कुणी हाक मारली की तिला ओ द्यावी लागे. ती देई. चिडलीच तर म्हणे, "मेल्यांनो, धोंडा घालीन डोक्यात!" आणि ती धोंडा म्हणाली की पोरं आणखी हसत.

एका भातकापणीला एक परका माणूस पठारावर आला. तो गावातून आला नव्हता, डोंगराच्या अंगानं आला होता, कारण त्याच्या ध्यानात राहिलेली खूण म्हणजे कड्यावरचा चौथरा आणि खालचं खोपट. कधीकाळी दगडूबरोबर निशाण वाहणारा तो खलाशी. त्यानं सांगितलं ते थोडकं होतं. सातपुड्यात, पहिल्याच पावसात, तुकडीत ताप आला. दगडू गेला. ओली जमीन खणवेना, म्हणून वर दगड रचले. सांगावा धाडायला कुणी सापडलं नाही. आता हा स्वतःच्या मुलखाकडे निघाला होता, म्हणून वाट वाकडी करून आला.

म्हणजे चावडीवर हौसा हजर म्हणाली, तेव्हा दगडू कधीचा गेलेला होता.

हौसानं त्याला विचारलं, "खाली गावात कुनाला बोललायस?"

"न्हाई, बाई. सरळ हितंच आलो."

"मग बोलू नगंस."

तिनं त्याला नाचणीची भाकरी आणि ठेचा दिला, पाणी दिलं, आणि गाव टाळून खिंडीकडे उतरणारी वाट दाखवली. तो दिसेनासा झाल्यावर तिनं विळा उचलला. भात कापायचं होतं, दुसरं कोण कापणार?

सांगावं तर शेत जाईल. धोंडू घेणार नाही म्हणाला तरी त्याच्याच नावावर जाणार, आणि ती दिराच्या घरी एका कोपऱ्यात पडलेली विधवा होणार, पोळपाटापासून पाण्यापर्यंत दुसऱ्याचं. न सांगावं तर कपाळावरचं कुंकू रोज सकाळी स्वतःच्या हातानं खोटं लावायचं. तिनं लावलं. वर्षानुवर्षं लावलं. संक्रांतीला आई तिला बोलवायची, ओटी भरायची, आजी "सौभाग्यवती हो" म्हणायची. हौसा वाकून नमस्कार करायची. सवाष्णीच्या पंगतीत बसून ती जेवायची आणि पठारावर जाऊन, आई म्हणायची, कुणास ठाऊक काय करत असेल. रडणंही सोपं नव्हतं. पठारावर रडलं की आवाज खाली येतो, आमच्या दरीचा तो गुणच आहे. बैलाला दिलेली शिवीसुद्धा गावात ऐकू यायची.

मला लोक सांगतात, जुन्या बायका सोशिक होत्या. मला या सोशिकतेचं कौतुक नाही. हौसानं सोसलं, कारण सरकारनं आणि गावानं मिळून तिच्यापुढे दोनच दारं ठेवली होती आणि दोन्हींतून ती काही ना काही गमावूनच बाहेर पडणार होती.

मी लहान असताना आमच्या खाचराचा बांध वाहून गेला. इर्जिक घातली, गावाला मदतीला बोलावलं. घरटी एक माणूस आला, बायका दगड हातोहात पुढे देत होत्या. हौसा तोवर म्हातारी झाली होती, तरी आली. रांगेत तिच्या पुढे गोजरा. दोघींचं चावडीच्या दिवसापासून धड नव्हतं. बोलणं कामापुरतं, तेही टोमण्यात. काम जोरात होतं. वरून एक मोठा दगड घसरत आला. हौसा ओरडली:

"गोजरा, पाय काढ! दगड आला!"

गोजरानं पाय काढला. दगड खाली जाऊन थांबला. आणि रांगेतले सगळे हात थांबले.

आमच्या गावात कुणाला सांगावं लागलं नसतं. इतकी वर्षं धोंडा म्हणणारी बाई दगड म्हणाली. नवऱ्याचं नाव तोंडात येऊ देणारी बाई म्हणजे ज्या बाईला त्या नावाची भीती उरलेली नाही, अशी बाई. आईच्या लख्ख ध्यानात आलं की नवरा गेल्याचं हिला माहीत आहे. आणि कधीपासून कोण जाणे.

हौसाच्याही ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाला लावला. आई म्हणायची, कुणी शेंदरी रंग पुसून काढावा तसा तिचा चेहरा झाला.

सगळ्यांचे डोळे गोजराकडे गेले. तिनं फक्त घरी जाऊन धोंडूला सांगायचं, की पठार तिच्या लेकाचं होत होतं.

गोजरानं घसरलेल्या दगडाकडे पाहिलं. मग ती इतर बायकांवर खेकसली, "काय बघताय? म्हातारीनं भ्यालेल्या तोंडानं कायबी म्हनलं, त्याचं काय येवढं? आमच्या आक्काला आजकाल उजवं-डावं कळंना झालंय. चला, हात चालवा!"

हात चालले. 

उन्हं उतरल्यावर हौसा पठाराकडे चढू लागली आणि तिच्या मागून गोजरा. आईनं ते पाहिलं आणि तिला चैन पडेना. थोड्या वेळानं ताकाचा तांब्या देण्याच्या निमित्तानं तीही वर गेली. त्या दोघींत काय बोलणं झालं ते गोजरानं पुढं आईला सांगितलं. काही लपवलं नाही, तेवढा गुण होता तिच्यात. आत गेल्या गेल्या ती म्हणाली होती, "कवा?"

हौसा म्हणाली, "लई दिस झालं."

"कुटं?"

"लांब. तापानं."

"अन् तू ह्ये समदं येकटीनं..." गोजरा थांबली. मग लगेच म्हणाली, "ह्ये बघ आक्का, म्या तोंड मिटते. पर तुझ्या मागनं पठार माझ्या धाकल्याला."

"त्याला न्हाई तर कुनाला?" हौसा म्हणाली. "तू मागितलं नसतंस तरी त्यालाच हुतं."

आई याला चांगुलपणा म्हणत नसे. सौदा म्हणे. मी दोन्ही म्हणेन, आणि त्यात मला काही विचित्र वाटत नाही.

आई खोपटाशी पोचली तेव्हा दार लावलेलं होतं आणि गोजरा बाहेर उंबऱ्याला पाठ लावून बसली होती, कुत्रं राखणीला बसावं तशी. आतून आवाज येत होता. बाई मोठ्यानं रडत होती, तोंडाला काही न लावता.

"गोजरा, काय झालं गं?"

"पोटात कळ आलीय तिच्या."

"ओवा आणू का घरून?"

"ओव्यानं जायाची न्हाई ही, वैनी. येळ लागंल." गोजरानं आईच्या हातातला तांब्या घेतला आणि शेजारी ठेवला. "तुमी जावा. अन् वाटंत कुनी इचारलं तर हेच सांगा. आवाज खाली जातोय नव्हं?"

आई उतरली. अर्ध्या वाटेवर धोंडू वर येत होता, काठी टेकत. "वैनी, कोन रडतंय वर?"

"हौसाबाईंच्या पोटात दुखतंय," आई म्हणाली. "गोजरा आहे तिथं."

"तरी म्या म्हनलं हुतं, येवढं जड उचलू नगंस," धोंडू म्हणाला. घटकाभर तो कान देऊन उभा राहिला. "लईच दुखतंय म्हनायचं." आणि घरात बायको नसल्यामुळे आता आपल्यालाच चूल पेटवावी लागणार, असं काहीसं कुरकुरत तो माघारी वळला.

भाऊ मेल्याचं त्याला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढेही कुणी सांगितलं नाही.